अकरा नंबरची प्लेट

"काहीही आलं ना फ्लेवी, खरं तेच सांग. फोनवर नको. समोर येऊन."

काल इन्क्युबेटरचं दार लावताना मिथुन म्हणाला. मी कबूल केलं. मग तो पुटपुटला, "अकरा नंबर चालला, तर तुला एक विचारायचंय."

"आणि नाही चालला तर?"

"तर... कुठल्या तोंडाने विचारू?"

गेल्या वर्षी तो पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आला होता, मुलुंडच्या आमच्याच कॉलेजच्या खालच्या मजल्यावरून. हातात हिरव्या भुकटीची कुपी. त्याने तांब्याची नवी संयुगं बनवायची, त्यांनी जंतू मरतात का ते मी बघायचं. मी रोजची रोझरी संपवत होते, बोटांत जपाचे मणी, ओठ हलत होते.

"मॅडम, जंतूंशी बोलताय?"

"मरायच्या आधी त्यांच्याशी कोणीतरी बोलायला नको?"

तो हसला... आणि माझे मणी चुकले. परत पहिल्यापासून.

दहा संयुगं वाया गेली. हे अकरावं, त्याच्या पीएचडीतलं शेवटचं. ते विरघळेना, म्हणून या वेळी विरघळवायचा द्रव, सॉल्व्हंट, बदललेला.

आज सकाळी प्लेट उजेडात धरली. जंतूंच्या धुकट थरात, अकरा नंबरमध्ये भिजवलेल्या कागदी चकतीभोवती स्वच्छ, नितळ गोल! पट्टी लावली — अठरा मिलिमीटर. डोळे भरून आले.

मग शेजारची, तुलनेसाठी ठेवलेली चकती दिसली. तिच्यावर संयुग नव्हतंच, नुसता सॉल्व्हंट. तिच्याभोवतीही गोल. अठराच.

म्हणजे जंतू मारले ते सॉल्व्हंटने. तांब्याने काहीच केलं नव्हतं.

लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. दुसरा आकडा लिहिलाच नाही, तर... संध्याकाळपर्यंत तो विचारेल. मी हो म्हणेन.

फोन वाजला.

"फ्लेवी, वर येऊ का? इथे वाट लागलीय माझी."

"नको. मीच येते खाली."

"आवाज असा का गं?"

"येते म्हटलं ना."

वहीत दोन्ही आकडे लिहिले. अठरा. अठरा. रोझरी ॲप्रनच्या खिशात ठेवली.

आता तो काही विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. मग ते मलाच विचारावं लागणार. आधी आकडे सांगायचे, मग विचारायचं — क्रम मनात दोनदा घोकला, प्लेट दोन्ही हातांनी धरली आणि जिना उतरू लागले.