पुढचं बेअरिंग

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाची आहे. मामा भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यातला नाही. कुणी मारू लागलं, तर उठून जाणाऱ्यातला आहे. म्हणून हे त्याने स्वतःहून सांगितलं, तेव्हा मला हसू आलं नाही.

थंडीतला शनिवार होता. दुपारचे साडेतीन ते संध्याकाळचे सात. जागा, मामाचं गॅरेज. बंद गोदामांच्या रांगेतलं शेवटचं.

मामा आणि त्याचा भागीदार यांनी ते एकतीस वर्षं चालवलं. भागीदाराला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आजार सांगायचा. हात मामाचे, कान डॉक्टरचे. दोघंही सडेफटिंग. जेवणही तिथेच, एकाच डब्यातलं.

एक गोष्ट फक्त डॉक्टरला ठाऊक होती.

मामाचे कान गेले होते. साफ बहिरा नव्हता तो, पण बारीक, चिरके आवाज त्याला सहा वर्षांपासून ऐकूच येत नव्हते. गिऱ्हाइकासमोर डॉक्टर सांभाळून घ्यायचा. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

मग एके दिवशी डॉक्टर झोपेतच गेला. त्याला अकरा महिने झाले होते.

तेव्हापासून मामा बोटांनी काम करायचा. कानाचं काम आलं, की “उद्या बघू” म्हणायचा. दिवसच्या दिवस गॅरेजात एक शब्द बोलला जायचा नाही.

त्या शनिवारी एक सर आले. शाळेत गणित शिकवायचे. दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी जुनी, पण सुपरचार्जरवाली गाडी हौसेने घेतली होती. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. पट्ट्यावर फिरतं. त्याची पुली जितकी लहान, तितकं ते जोरात पळतं. त्याला तेलही स्वतःचं, वेगळं लागतं. जेमतेम वाटीभर.

“घाटात गाडी दमते हो,” सर म्हणाले. “लहान पुली बसवा. मी आकडेमोड करून आणलीय.” त्यांनी खरंच वहीचं पान काढलं.

“गाडीला गणित कळलं तर बरं,” मामा म्हणाला.

“उद्या सकाळी निघतोय. बायको आहे, मुलगी तीन महिन्यांची. पहिल्यांदाच आजोळी चाललीय. सातला येतो न्यायला.”

सर गेले. गॅरेज पुन्हा चिडीचूप झालं.

मामाने सुपरचार्जर उतरवून टेबलावर घेतला. जुनं तेल बशीत काढलं. बोटांवर चोळून पाहिलं. स्वच्छ होतं. धातूचा कण नाही. फक्त जरा जाड वाटलं. कुणीतरी चुकीचं भरलं असेल, तो मनाशी म्हणाला. पुली हाताने फिरवली. लोण्यासारखी फिरली.

त्याने ती उतरवली आणि फळीवरची लहान पुली उचलली.

आणि तेव्हा...

किर्रर्र...

बारीक. सुईसारखा.

त्याला वाटलं, हवेचा पंप चालू राहिला. बघितलं. बंद. पंखा बंद. रेडिओ तर अकरा महिन्यांत लावलाच नव्हता.

त्याने पुली खाली ठेवली.

आवाज थांबला.

पुन्हा उचलली...

किर्रर्र... किर्र...

या वेळी अंतराअंतराने. आत काहीतरी अडखळत फिरत असावं, तसा. टेबलावरचं यंत्र मात्र निपचित पडलं होतं. पट्टा नाही, इंजिन नाही. फिरणार कशानं?

मामाने पुली ठेवली. आणि मग ती गोष्ट त्याच्या लक्षात आली.

हा आवाज त्याला ऐकू येतच नाही.

सहा वर्षांत आला नव्हता!

तो तिथेच उभा राहिला. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही. उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली होती.

भिंतीवरचा फोन वाजला.

सुट्या भागांच्या दुकानातून काउंटरवरच्या बाई बोलत होत्या. दोनच महिन्यांपूर्वी लागलेल्या. आज त्या अगदी ओरडून बोलत होत्या.

“तुमचं बेअरिंग काढून ठेवलंय! सहाला बंद करतो आम्ही, घेऊन जा!”

“कसलं बेअरिंग? मी नाही मागवलं.”

“तुमच्याकडूनच तर फोन आला! साडेतीनला! सुपरचार्जरचं पुढचं बेअरिंग, आणि त्याचं ते पातळ तेल. जाड देऊ नका म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“वयस्कर होते कुणीतरी. बोलता बोलता मध्येच थांबायचे... काहीतरी ऐकत असल्यासारखे.”

मामाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“बाई, तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोलताय?”

“अहो, त्यांनीच सांगितलं. म्हणाले, त्याला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला.”

मामा दोन वाजल्यापासून त्या फोनपासून चार पावलांवर होता.

त्याने फोन ठेवला. सुपरचार्जरचा पुढचा भाग उघडला.

गोळ्या जागच्या जागी धरणारा बेअरिंगचा पिंजरा तुटला होता. गोळ्या खरवडून निघाल्या होत्या. धातूचा चुरा जाड तेलात तिथेच अडकून बसला होता, म्हणून बशीत उतरला नव्हता. आधीच्या मालकाने जाड तेल भरून आवाज दाबला होता आणि गाडी खपवली होती. लहान पुली बसवून घाटात जोर दिला असता, तर यंत्र तिथंच जाम झालं असतं. मग पट्टा तुटून गाडी बंद पडली असती... चढावर, वळणावर, मागच्या सीटवर तीन महिन्यांचं बाळ.

मामा धावत जाऊन बेअरिंग घेऊन आला. ते बसवलं. पातळ तेल भरलं आणि जुनी, मोठी पुलीच परत चढवली.

सात वाजता सरांनी तुटलेला पिंजरा हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला.

“तुम्हाला कळलं कसं?”

“मला नाही कळलं,” मामा म्हणाला. “मला ऐकू येत नाही, सर.”

बाहेरच्या माणसाला तो हे पहिल्यांदाच सांगत होता. सरांना वाटलं, विनय आहे.

दुसऱ्या दिवशी ती मंडळी सुखरूप पोहोचली. मामाने मात्र महिनाभरात कानाचं यंत्र घेतलं. आम्हाला बरं वाटलं. आता त्याला चिमण्या ऐकू येतात, किटली ऐकू येते, माझी कुजबुजही ऐकू येते. पण ते यंत्र त्याने चिमण्यांसाठी घेतलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं, की तो शटर अर्धं ओढून बसून राहतो. सगळं बंद करून.

“काही येतं का ऐकू?” मी एकदा विचारलं.

“नाही रे,” तो म्हणाला. “त्या दिवसानंतर एकदाही नाही.”

इथवर मामाची गोष्ट. पुढचं माझं आहे.

गेल्या महिन्यात त्याला जेवायला न्यायला मी गॅरेजात गेलो होतो. दुपारची वेळ. तो कोपऱ्यावर चहा आणायला गेला. मी टेबलाकडे तोंड करून मोबाइल बघत बसलो होतो.

मागून कुणीतरी घसा खाकरला.

“कुठे गेला हा?”

“चहा आणायला,” मी मान वर न करता म्हणालो.

“बरं...”

मग वळलो.

कुणी नव्हतं. मागे नुसती भिंत होती.

एवढ्यात मामा चहा घेऊन आत आला. दारातच थबकला. त्याने कानातलं यंत्र बोटाने दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

“कुणाशी बोलत होतास?”

त्याला फक्त माझाच आवाज आला होता.

“फोनवर,” मी म्हणालो.

तो मान हलवून बसला, आणि आम्ही चहा प्यायलो. त्याला खरं सांगावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. बोलणारा आला होता... आणि त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलून गेला, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?