सरदार ब्रियाकचे शरणागत

सरदार ब्रियाकने हरवलेला अकरावा माणूस गढीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कारभारी बुदोक खारे मासे पिंपात भरत होता. त्याने मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

"जोडे कोपऱ्यात ठेवा, पाय पुसा आणि बाईसाहेबांना शरण जाऊन या. जेवायला वाटाणे आहेत."

ब्रियाकचा सज्जनपणा अख्ख्या ब्रिटनी प्रांतात गाजत होता, आणि निस्तरत होता बुदोक. तीन वर्षं दुबळ्यांचं रक्षण करीन, मग येऊन गढीच्या बाईसाहेबांशी, अझेनोरशी, लग्न करीन, असा शब्द देऊन ब्रियाक निघाला होता. तो कधी खोटं बोलला नाही, शब्द मोडला नाही आणि पडलेल्या शत्रूवर त्याने कधी वार केला नाही. रिवाज असा, की हरलेल्याने घोडा आणि शस्त्रं जिंकणाऱ्याला द्यायची आणि तो सांगेल त्या बाईपुढे जाऊन गुडघे टेकायचे. ब्रियाकच्या मनात बाई एकच. त्यामुळे मुलखातले सगळे गुंड, लुटारू आणि भांडखोर सरदार बुदोकच्या स्वयंपाकघराची वाट धरत.

अझेनोर त्यांना लगेच माफ करी. पण माफी मिळालेला एकही जण जायचं नाव काढत नसे. वाटमारी करणारा एक लाल दाढीवाला आता स्वयंपाकघरातल्या कैद्यांच्या बाकावर, आचारणीसमोर, बसून लोकर गुंडाळायचा. सात फुटी एक राक्षस बदकांना भिऊन मागच्या दाराने ये-जा करायचा. बुदोक दिवसभर करवादायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना पोटभर वाढायचा.

येणाऱ्या प्रत्येकाला अझेनोर एकच विचारी, "ते बरे दिसले का?" बरे होते म्हटलं, की ती दिवसभर गुणगुणत फिरे. बुदोकने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. डोळे मिटण्याआधी तिचं लग्न बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तीन वर्षं भरायला पंधरवडा उरला असताना बारावा माणूस आला. पायी, निःशस्त्र. तो खुद्द ब्रियाक होता.

बुदोकच्या हातातला मासा खाली पडला. अझेनोर जिन्यावरून धावत आली. पण ब्रियाकने तिला जवळ घेतलं नाही. आधीच्या अकरा जणांसारखे त्याने गुडघे टेकले.

"बाईसाहेब, मी हरलो. मला तुमच्याकडे शरण पाठवलंय."

"कुणी?"

तो ओशाळला. "सरदार ब्रियाकने."

पहिल्यांदा राक्षस हसला, मग सगळी पंगत हसली. अझेनोरच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. बुदोकही हसला, आणि हा माणूस थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही हे आठवून मध्येच थांबला.

पुढे ब्रियाकने जे सांगितलं ते थोडकं होतं. धुक्यात नदीच्या उतारावर समोर एक स्वार आला, याच्यासारखीच ढाल, याच्यासारखंच चिलखत. रिवाजाप्रमाणे याने नाव विचारलं. त्याने सांगितलं, सरदार ब्रियाक. "मग मी हरलो. माझं होतं ते त्याचं झालं," एवढं बोलून ब्रियाक कैद्यांच्या बाकावर जाऊन वाटाणे सोलायला बसला.

अझेनोरने त्याला तीनदा माफ केलं. तिन्ही वेळा त्याने अदबीने आभार मानले आणि बाक सोडला नाही. "अहो, नवरदेवासारखं तरी बसा," बुदोक म्हणाला, तर त्याने वाटाण्यांची दुसरी टोपली मागून घेतली. लग्न मात्र तीन वर्षं भरतील त्या रविवारचं ठरलं. आचारणीने डुक्कर कापायला घेतलं, राक्षसाने नवे जोडे मागितले.

शनिवारी दुपारी तेरावा माणूस आला. त्याच्या दंडावरची पट्टी अजून ओली होती.

"काल सकाळी सरदार ब्रियाकने मला हरवलं," तो म्हणाला. "त्यांचा निरोप आहे. उद्या दुपारी पोचतो, लग्नाची तयारी ठेवा."

कुणी हसलं नाही. आणि या वेळी अझेनोरने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"खंदकावरचा पूल उचला," ती बुदोकला म्हणाली. "माझा माणूस आत आहे. बाहेर कुणीही येऊ दे."

रविवारी सकाळी चर्चमध्ये लग्न लागलं, सगळे परतले आणि पूल पुन्हा वर गेला. दुपारी खंदकापलीकडे टापा वाजल्या.

"बाईसाहेब, मी आलोय. पूल टाकता का?"

आवाज तोच होता. तसाच मऊ, तसाच अदबीचा.

बाकावरचा ब्रियाक उठला.

"बसा," अझेनोर म्हणाली.

"मी त्याला शब्द दिलाय. तो आला, की पूल मीच टाकायचा."

"माझ्यासाठी मोडा. एकदाच."

त्याचे डोळे भरून आले. मग तो पुलाच्या रहाटाकडे चालू लागला. तिने दोन्ही हातांनी त्याची बाही धरली आणि त्याच्यामागे ओढली गेली.

साखळी करकरली. पूल खाली आला.

स्वार आत आला, त्याने शिरस्त्राण काढलं, आणि बुदोकचा ऊर भरून आला. तीन वर्षांनी सरदार ब्रियाक घरी आले होते. त्याने धावत जाऊन रिकीब धरली.

"बाईसाहेब कुठे आहेत?" ब्रियाकने विचारलं.

बुदोक वळला. बाईसाहेब रहाटापाशी कुणा परक्या माणसाची बाही घट्ट धरून रडत होत्या. का, ते त्याला कळेना. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते कळत नसावं.

लग्नाच्या दिवशी हे काय, म्हणून बुदोकला लाज वाटली. त्याने हलकेच एकेक बोट सोडवलं आणि त्या माणसाला म्हणाला, "कैद्यांचा बाक तिकडे आहे."

त्या माणसाने अदबीने आभार मानले आणि तो जाऊन बसला.