सगळ्यात स्वस्त कोटेशन

पहिला फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. वेबसाइटवर नंबर टाकून मिनिटसुद्धा झालं नसेल. माझ्या मोटारसायकलचा विमा महिनाअखेरीला संपत होता, आणि कुठली कंपनी स्वस्तात देते ते एका जागी बघायला मिळेल, असं तिथे लिहिलं होतं. बघायला काही मिळालं नाही. आधी नंबर द्या म्हणाले, मी दिला, आणि मग अख्खा रविवार माझा फोन वाजत राहिला.

दुसरी कोणी असती तर वैतागली असती. मी मात्र... कसं सांगू, मी हरखले. या शहरात येऊन वर्ष होत आलं होतं आणि माझा फोन गजर लावण्यापुरताच उरला होता. आई रविवारी फोन करायची, तोही नातवाला खेळवता खेळवता. जेवलीस का, बरी आहेस ना, बरं ठेवते, हा बघ पडेल. दादा-वहिनी त्यांच्या संसारात. दादाने कार घेतली तेव्हा जुनी मोटारसायकल मला देऊन टाकली आणि आपलं कर्तव्य संपलं अशी स्वतःची समजूत करून घेतली. त्याला तरी काय बोल लावायचा? पण त्या दिवशी एवढी माणसं मला "मॅडम, कशा आहात?" विचारत होती आणि मी वेडी प्रत्येकाला खरं उत्तर देत होते. एकाला तर सर्दी झालीये म्हणूनही सांगितलं. तो म्हणाला, "व्हेरी गुड, मॅडम," आणि हप्ता सांगायला लागला.

संध्याकाळी पाऊस लागला. माझ्या खिडकीबाहेर पत्रा आहे, त्याच्यावर नुसता धिंगाणा चालला होता. तेवढ्यात परत फोन.

"तुमच्याकडे पत्र्यावर पाऊस पडतोय का?"

नमस्कार-चमत्कार काही नाही. पुरुषाचा आवाज, जरा दमलेला.

"हो. माझं ऐकू येत नाहीये का?"

"तुमचं येतंय. आमच्या ऑफिसला खिडकीच नाही... म्हणून विचारलं."

मग त्याला आपलं काम आठवलं असावं. हा कॉल रेकॉर्ड होतोय, वगैरे म्हणून त्याने घडाघडा कोटेशन वाचून दाखवलं. दिवसभरात ऐकलेल्या सगळ्यांत स्वस्त. मी म्हटलं, यात काय काय मिळतं ते सगळे सांगतात, यात काय नाही ते सांगा. त्याने समोरचा कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. कागदावर या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नसणार. मग हळू आवाजात सांगायला लागला. गाडी चोरीला गेली तर काही नाही. पाण्यात बंद पडली तर काही नाही. मी कुणाला धडक दिली तर त्याची भरपाई कंपनी देणार, बस.

"म्हणजे मी दुसऱ्याला पाडलं तर त्याची सोय. आणि मी पडले तर?"

"तर घरचे आहेत ना तुमचे."

मी गॅसवर ठेवलेल्या संध्याकाळच्या चहाकडे बघत राहिले.

"आहेत ना... मॅडम?"

"तुम्ही उद्या फोन करा, मी विचार करून सांगते," म्हटलं आणि ठेवला. चहा उकळून उकळून काळा झाला होता, तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन लॅबमध्ये आला. मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून आम्ही कवळ्या बनवतो. बनवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या आणि डब्यात भरून मोटारसायकलवरून दवाखान्यांत पोचवायच्या. ही पोचवायची कामगिरी माझी. मी हातातलं मेण पुसून कोपऱ्यात गेले. कोटेशनमध्ये त्याला एक रकाना भरायचा होता.

"तुमच्या मागे कोणी बसतं का?"

"कवळ्या बसतात. रोज दहा-बारा जणी. सगळ्या हसतमुख."

तो इतका जोरात हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग खाकरून म्हणाला, "मॅडम, असं हसवू नका. कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे की. हसण्याचा वेगळा हप्ता लावता का?"

मी परत जागेवर आले तर प्लास्टरवाले काका चष्म्यावरून बघत होते. लॅबमध्ये आम्ही दोघंच. त्यांना कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं. कुणाचा गं फोन, म्हणाले. विम्याचा, म्हटलं. विमेवाल्याशी बोलताना गाल लाल करणारी पहिलीच बघतोय, म्हणाले आणि प्लास्टर ढवळायला लागले.

मग ती रीतच पडली. मी रोज एक नवा प्रश्न काढायची. रस्त्यात बंद पडली तर गाडी उचलून नेतात का? आरसा फुटला तर? सुटे भाग जुने झाले म्हणून किती पैसे कापतात? आधी स्वतःच्या खिशातून किती घालायचे? दुसऱ्या कंपन्यांची कोटेशनं मी त्याला वाचून दाखवायची आणि तो त्यातली मेख शोधून द्यायचा. ही चोरी धरते पण आग धरत नाही. ही सगळं धरते, पण एवढे कागद मागते की माणूस नाद सोडून देतो. मधेच तो विचारायचा, आज पाऊस आहे का. मी खिडकीत जाऊन फोन बाहेर धरायची. दोघंही गप्प ऐकायचो. पलीकडे इतर पोरांचे आवाज येत असायचे, मॅडम फक्त आजच्यापुरती ऑफर आहे, आणि त्यात हा एकटा माझा पाऊस ऐकत बसलेला.

मी आता सकाळी उठताना आज काय विचारायचं याचा विचार करत उठायची. एकदा मीच सांगून टाकलं, त्याने न विचारता. की घरचे आहेत, पण लांब आहेत, आणि जवळ असते तरी लांबच असते. इथे मी आणि माझी खोली. त्यावर त्याने सल्ला दिला नाही की हळहळला नाही. नुसतं "हं" म्हणाला. ते "हं" मी दोन दिवस पुरवून पुरवून आठवलं.

पण महिना कुणासाठी थांबतो? विमा संपायची तारीख जवळ आली आणि मला धडकी भरली. विमा घेतला की फोन बंद, एवढा साधा हिशेब होता. काका म्हणाले, अगं, त्यालाही टार्गेट असेल, बिचाऱ्याला किती लोंबकळत ठेवशील? ते मला लागलं. खरंच होतं, माझ्या एकटेपणाचा भुर्दंड त्याने का भरायचा? रात्रभर कूस बदलत ठरवलं. उद्या त्याच्याकडूनच घ्यायचा. स्वस्त तर स्वस्त. तेवढं तरी त्याच्या पदरात पडू दे.

"देऊन टाका तुमची पॉलिसी," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. आवाज हसरा ठेवायला फार कष्ट पडले.

त्याने आवाज एकदम खाली आणला.

"आमची घेऊ नका."

"काय?"

"तुम्ही एकट्या राहता. पावसात गाडी चालवता. उद्या घसरून पडलात तर आमची पॉलिसी तुमच्या काही उपयोगाची नाही. तुम्ही वाचून दाखवलेलं त्या तिसऱ्या कंपनीचं कोटेशन जरा महाग आहे, पण दवाखान्याचा खर्च देतात, गाडी उचलून नेतात. ते घ्या."

"म्हणजे... उद्यापासून तुमचा फोन नाही?"

"नियमाने... नाही. काळजी घ्या, मॅडम."

आणि फोन बंद. मला काय वाटलं सांगू? माझी ब्याद टाळली त्याने. मी कंटाळा आणला असणार, रोज रोज काय ते आरसा फुटला तर. रागाच्या भरात तिसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली. पैसे भरले, पावती आली, अभिनंदनाचा मेसेज आला. मशीनने पाठवलेला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फोन कायमच गप्प असला की सवय असते म्हणून जाणवत नाही, पण मधे वाजून गेला की ती शांतता खायला उठते. मी मेण तापवायची, दात लावायची, डबा मागे बांधून दवाखाने फिरायची. खोलीवर आले की दिवा लावण्याआधी फोन बघायची. पाऊस पडायचा आणि ऐकवायला कोणी नसायचं. आईने रविवारी विचारलं, आवाज असा का गं तुझा, आणि मी काही सांगायच्या आत पलीकडे बाळ पडलं. बरं ठेवते, म्हणाली. मी कानाला लावलेला फोन तसाच धरून बसून राहिले आणि पोटभर रडले. रडताना मला कळलं की मला विमेवाला नकोय, फोनही नकोय. मला तो हवाय.

पण तो मिळणार कुठे? त्याचा नंबर म्हणजे कंपनीचा नंबर. मी तो लावला. संगीत ऐकलं, एक दाबा, दोन दाबा, परत संगीत. शेवटी एक मुलगी आली. मी म्हटलं, तुमच्याकडे एक जण आहेत, ज्यांनी मला सांगितलं की तुमची पॉलिसी... आणि जीभ चावली. ते वाक्य पुरं केलं असतं तर बिचारा घरी बसला असता. तिने विचारलं, मॅडम, तक्रार आहे का? मी म्हटलं हो, तक्रार आहे, मला नीट उत्तर मिळालं नाही. तर म्हणाली, तुमच्याशी बोललेलाच माणूस उद्या फोन करेल, तसा नियम आहे.

नियमाचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी काही न विचारता प्लास्टरचं यंत्र बंद केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. फोन वाजला.

"मॅडम, आपण तक्रार नोंदवली होती." आवाज तोच, पण इस्त्री केलेला. "आमच्या सीनियर मॅडम लाइनवर ऐकतायत."

रात्री घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं.

"माझी तक्रार अशी आहे," मी म्हटलं, "की तुमचा फोन येत नाही."

"आपण दुसरीकडे पॉलिसी घेतलीत, मॅडम. आता आम्हाला... परवानगी नसते."

"कंपनीने करूच नये. तुम्ही करा." माझा आवाज कापत होता, कापू दिला. "मी विम्यासाठी बोलत नव्हते एवढे दिवस. तुम्ही पावसाचं विचारायचात, ते मला आवडायचं. तुम्ही आवडता मला. आणि तुमचा फोन नसला की मला इथे फार एकटं वाटतं."



"तुमचा नंबर माझ्या समोर असतो," तो म्हणाला, आणि इस्त्री पार मोडली होती. "पण तो तुम्ही कंपनीला दिलाय, मला नाही. तो चोरून लावणं मला जमेना. संध्याकाळी निघताना मी स्क्रीनकडे न बघता बंद करतो... पाठ व्हायला नको म्हणून."

"मग घ्या लिहून. हा मी तुम्हाला देतेय."

मी एकेक आकडा सांगितला. मधेच एक बाईमाणूस बोललं, "शेवटचे दोन परत सांगा हो, ह्याचं काही लिहून होत नाहीये." सीनियर मॅडम. मी परत सांगितले. "मिळाले," त्या म्हणाल्या. "तक्रार बंद करतेय मी."

संध्याकाळी त्याचा फोन आला, रस्त्यावरून. गाड्यांचे आवाज, आणि आम्ही दोघं मुके. एवढे दिवस बोललो आणि आता शब्द सापडेना. मला भीती वाटली, विमा संपला तसं बोलणंही संपलं की काय.

"समोर कागद नसला की मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "दिवसभर बोलतो, पण सगळं दुसऱ्याचं लिहिलेलं. खोलीवर गेलो की बोलायलाच कोणी नाही. तुमच्याशी बोललो तेवढंच... माझं होतं. तुम्हाला तिकडे पाठवलं आणि मग रोज वाटायचं, कशाला पाठवलं."

"कुठे उभे आहात तुम्ही?"

त्याने याच शहरातला एक चौक सांगितला. मी मोटारसायकल काढली.

पाऊस थांबला होता, रस्ता चकचकत होता. चौकातल्या बंद दुकानाच्या पायरीशी एक किडकिडीत माणूस उभा होता, खांदे भिजलेले, प्रत्येक मोटारसायकलकडे मान वळवून बघणारा. मी थांबले. हेल्मेट काढलं. त्याने माझ्याकडे बघितलं, खात्री करून घेतली, आणि हसला. वरचा एक दात जरा वाकडा होता. रोज कितीतरी लोकांचं हसू माझ्या हातांतून जातं, पण त्यातलं एकही कधी मला बघून उमटलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

तो घाबरला. काय झालं, माझं काही चुकलं का, म्हणत जवळ आला.

"काही नाही," मी म्हटलं. "तसेच हसा जरा... मला बघू दे."