केळीच्या बागेतला भाताचा वास

चोपड्याच्या वरच्या अंगाला, जिथे सातपुडा उतरून केळीच्या बागांना टेकतो, तिथे हेमांगी कॅमेरे सोडवायला गेली होती. वन्यजीव वाचवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती काम करायची. नाल्याकाठच्या झाडांना बांधलेले ते कॅमेरे एका वाघिणीसाठी होते, आणि वाघीण आता नव्हती. कुणीतरी मेलेल्या वासराला विष चोळून नाल्यात टाकलं होतं.

विषापेक्षा हेमांगीला पंचनामा जास्त जाळत होता. ‘वयोमानाने मृत्यू.’ तिनं स्वतः वाघिणीचा जबडा उघडून पाहिला होता. सुळे पांढरेशुभ्र. आणि आचळं दुधानं तटतटलेली. मग पिल्लं कुठे आहेत, असं तिनं विचारलं, तेव्हा पंच म्हणून उभे असलेले अभिमन नाना हसले होते. पिल्लंबिल्लं काही नव्हतीच, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं आणि वनखात्याच्या साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. नाल्याकाठची बाग नानांचीच. वाघिणीची चिता पेटली, तेव्हा लोक मोबाइल उंच धरून उभे होते.

शेवटचा कॅमेरा सोडवेपर्यंत दिवस मावळला. ड्रायव्हर नवल जीप घेऊन बागेपलीकडे, नानांच्या मळ्यातल्या घरापाशी थांबला होता. हेमांगी बागेतूनच निघाली. केळीच्या बागेत अंधार बाहेरच्यापेक्षा आधी पडतो. वर पानांवर पानं, खाली ओलसर काळोख, आणि त्यात ठिबकच्या नळ्यांची बारीक सुरसुर. तेवढ्यात वास आला. शिजत्या भाताचा. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण नुकतंच काढावं तसा.

तिचे पाय थांबले. आपली हद्द आखताना वाघ झाडावर जी मुताची धार सोडतो, तिला असाच बासमतीचा वास येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं शेजारच्या खोडाला हात लावला. ओलं होतं. कोमट... पुढचं खोडही तसंच. त्यापुढचंही. ओळीमागून ओळ ती खूण घराकडे निघाली होती. ठिबकची सुरसुर बंद पडली. रातकिडे गप्प झाले. आणि तिच्या पाठीशी, अगदी पाठीशी, कुणीतरी जड श्वास सोडला.

हेमांगी वळली नाही. मोठमोठ्या ढांगा टाकत ती बागेबाहेर आली. वास पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी येऊन थांबला होता. पत्र्याचं दार, त्याला नवंकोरं कुलूप.

नाना अंगणात खाटेवर बसले होते. तिनं किल्ली मागितली. आत खताच्या गोण्या आहेत, असं ते म्हणाले. भाताच्या वासाला भिऊन मजूर पळाले, घड झाडावरच पिकून चालले, आणि तुमच्या संस्थेनं वाघांचे लाड केले त्याची ही फळं, असंही त्यांनी सुनावलं. पण एवढं बोलताना त्यांनी एकदाही त्या दाराकडे पाहिलं नाही.

“नाना, आत काय आहे?”

उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं. लताबाई ओट्यावरून उतरल्या आणि त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली काढली.

“पिल्लं शेतस, ताई. गिऱ्हाईक येनार व्हतं... आते मना घर नको.”

नाना त्यांना अडवायला उठले नाहीत. त्यांनी दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतले.

दार उघडलं. पोत्यावर दोन पिल्लं एकमेकांना बिलगून पडली होती. उपासमारीनं बरगड्या वर आल्या असतील, अशी हेमांगीनं मनाची तयारी केली होती. पण त्यांची पोटं टम्म होती. अंगावरची लव ओली, एकाच दिशेनं बसलेली, नुकतीच चाटून काढल्यासारखी. यांना पाजलं कुणी, असं तिनं विचारलं.

“कोन्हीच नही,” लताबाई नानांकडे बोट दाखवत कुजबुजल्या. “पहिलाच दिन ह्या दूध घीसन ग्यात, ना तसाच माघारी पळनात. आतमा अंधारमा कोन्हीतरी बठेल व्हतं... तव्हयपासून दार उघडेल नही.”

कोवळी पोरं अंधारात कोंडून हा माणूस सगळ्यांसमोर हसला होता. पिल्लांसकट पोतं उचलून हेमांगी खाटेपाशी आली.

“हसा ना आता,” ती म्हणाली. “उद्या मी साक्ष देणार आहे. लताबाईही देतील.”

नानांची नजर तिच्या मागे कुठेतरी खिळली आणि ते खाटेवर मागे मागे सरकले.

जीप चोपड्याच्या रस्त्याला लागली. पोतं मागच्या सीटवर ठेवून हेमांगी पुढे नवलशेजारी बसली होती. ती साहेबांना फोन लावत होती आणि साहेब उचलत नव्हते. नवलनं आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

“ताई... मागे बघू नका.”

तिनं पाहिलं. पिल्लं आडवी झाली होती. डोळे मिटलेले. पुढचे पंजे हवेत काहीतरी आळीपाळीनं दाबत होते आणि तोंडं रिकाम्या जागेला लागली होती. चुटुक... चुटुक... मध्येच घोट गिळल्याचा आवाज.

एकाच्या ओठावरून पांढरा थेंब ओघळला आणि पोत्यावर पसरला.