पुसलेला कोड

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो महेंद्र आजही कुपवाडला गॅरेज चालवतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण हसू नका.

गेल्या वर्षीचा मार्च. भर दुपार. एमआयडीसीला सुट्टी होती, त्यामुळे एरवी कान किटवणारी मशिनं गप्प होती.

गॅरेजच्या शेडमागे महेंद्रच्या थोरल्या भावाची, आकारामची, भाड्यानं चालवायची गाडी उभी होती. मागून पार चेपलेली. त्याच्या वर्षभर आधी कराडच्या अलीकडे ती हायवेच्या मधोमध थांबली आणि मागून ट्रक आला. आकाराम जागीच गेला.

"पिऊन रस्त्यातच थांबवली असणार," गाव म्हणालं. ज्यानं जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, त्याच्याबद्दल.

खरं काय ते महेंद्रला ठाऊक होतं.

अपघाताच्या दिवशी सकाळी आकाराम गॅरेजवर आला होता. डॅशबोर्डवर इंजिनची लाइट पेटलेली.

"मह्या, चालता चालता बंद पडतीय रं. बघ की जरा."

महेंद्रकडे चार गाड्या खोळंबल्या होत्या. त्यानं बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. कोड आला, पी ०३३५. इंजिन फिरतंय का हे कळवणारा सेन्सर दगा देत होता. तो बदलायचा म्हणजे दोन तास. महेंद्रनं बटण दाबून नुसता कोड पुसला. लाइट गेली.

"झालं बघ दादा. जा निवांत."

दुखणं तसंच ठेवून लाइट तेवढी घालवली. घाईत पुष्कळ गॅरेजवाले हेच करतात. पण सगळ्यांचे भाऊ जात नाहीत.

वर्षभर त्यानं तोंड उघडलं नाही.

मार्चमधल्या त्या दुपारी आकारामची बायको आली, राजेश्वरी वहिनी. दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात जाणार होती. डॅशबोर्डवरचा खंडोबाचा फोटो तिला हवा होता. पुढच्या सीटवर बसून ती तो सोडवत होती.

तेवढ्यात महेंद्रच्या कानावर आलं...

टक. टक. टक.

बॉनेटवर बोटं वाजवल्यासारखं. आकाराम आला की असंच वाजवायचा.

बॉनेटपाशी कुणीच नव्हतं.

मग स्टेअरिंगखाली उजेड दिसला...

स्कॅनर. सकाळपासून महेंद्र तो शोधत होता. इथे त्यानं लावलाच नव्हता. आणि स्कॅनरला करंट गाडीच्याच बॅटरीतून मिळतो. या गाडीची बॅटरी त्यानं स्वतःच्या हातानं वर्षापूर्वी काढली होती.

पडद्यावर होतं... पी ०३३५.

त्यानं कोड पुसला. पडदा कोरा झाला.

आणि परत... पी ०३३५.

पुन्हा पुसला. पुन्हा आला.

तिसऱ्यांदा त्याचं बोट बटणापर्यंत गेलंच नाही. तो गाडीच्या दाराशी खाली बसला आणि ढसाढसा रडला.

"वहिनी, दादा प्यालेला न्हवता. गाडी बंद पडली. मला सकाळीच कळलं हुतं. मी नुसता कोड पुसला अन् पाठवून दिलं त्याला."

वहिनीनं फोटोवरची धूळ पदरानं पुसली.

"मला म्हाईत हाय, भावजी," ती म्हणाली. "पेठनाक्यावरनं त्यांचा फोन आलता. म्हणले, आता काळजी न्हाई, आपल्या मह्यानं गाडी नीट करून दिलीया."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"तुमी कवा सांगताय त्याची वाट बघत हुते. लोक त्यांना दारुडा म्हणायचे, तवा तुमी तितंच उभं असायचा."

ती फोटो घेऊन निघून गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं गावात पारावर जाऊन सगळं सांगितलं. गाडीही भंगारात दिली नाही. आता तरी दादा शांत होईल असं त्याला वाटलं होतं.

पण स्कॅनर अजून विझलेला नाही. महेंद्र रोज सकाळी जाऊन बघतो. कोड गेला तर दादानं माफ केलं म्हणायचं, की दादाच कायमचा गेला म्हणायचं, हे त्याला अजून उमगत नाही. म्हणून तो बटणाला हात लावत नाही.