चौकटीतलं लाल शेवाळ

ओहोटी पाहून ती धक्क्याखालच्या खडकांवर उतरली, तेव्हा एक माणूस तिची पीएचडी लोखंडी पट्टीने खरवडत होता. मन लावून. वर शीळ घालत.

“थांबा,” ती म्हणाली. “काय चाललंय?”

“सफाई.” त्याने वर पाहिलं. डोळे छान होते… हे आपल्या लक्षात यावं, याचाच तिला राग आला. “पांढरी चौकट दिसली. धक्क्यावर आम्ही चौकट आखतो ती ‘इथलं खरवडा’ म्हणून.”

“आणि मी आखते ती ‘इथे हात लावू नका’ म्हणून.”

चौकटीच्या आत, तिच्या अभ्यासाच्या शेवाळाच्या जागी, खडकाला चकचकीत टक्कल पडलं होतं. बाहेर लाल शेवाळ मजेत डोलत होतं. रेषेपलीकडचा एक तंतूही त्याने दुखावला नव्हता. इतका नीटनेटका सत्यानाश तिने जन्मात पाहिला नव्हता.

“पुन्हा उगवेल ना?” त्याने विचारलं.

“उगवलं तर ठीक. नाहीतर मी संपले.”

“मी येत जाईन मग. लक्ष ठेवायला.”

“लक्ष तुमच्यावरच ठेवायला हवंय.”

तरी तो यायचा. प्रत्येक ओहोटीला. आणि विचारायचा.

“लाल कशाला पण? हिरवं असतं तर काय बिघडलं असतं?”

“खोल पाण्यात निळसर उजेडच पोचतो. तो पकडायला हा लाल रंग कामी येतो.”

“बरं, आणि याचा उपयोग काय?”

तिने कपाळावर हात मारला, बाही धरून त्याला खाली बसवलं आणि भिंग त्याच्या हातात कोंबलं. शेजारच्या लाल तुऱ्यात नखाएवढी कोळंबी दडली होती. पलीकडे मोहरीएवढी गोगलगाय चालली होती, कुठलीही घाई नसल्यासारखी.

“ही सगळी इथे लपतात, इथेच वाढतात. यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे. शेवाळ गेलं की घरही गेलं आणि जेवणही.”

त्याने भिंग खाली ठेवलं. “म्हणजे मी आख्खी वस्ती पाडली.”

पुढच्या खेपेपासून तो गोगलगायीला ‘काका’ म्हणू लागला. “काय काका, गुडघे काय म्हणतात?” शिकलेल्या मुलीने यावर हसू नये. ती हसली, आणि मुक्कामी, आत्याच्या घरी जाईपर्यंत स्वतःवर वैतागलेली राहिली.

टकलावर आधी गुलाबी खपली धरली, मग बारीक लाल तुरे फुटले. ती हरखली. तो मात्र दर खेपेला अधिकच उतरलेला चेहरा घेऊन येऊ लागला. एकदा ती जरा लवकर पोचली, तर हा चौकटीसमोर बसलेला — हातात लोखंडी पट्टी.

“हे काय?”

“खरवडायला आलो होतो.”

ती त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“हे पूर्ण वाढलं की तुमचं काम संपणार,” तो पट्टीकडे बघत म्हणाला. “तुम्ही जाणार. तुमच्या आत्याच सांगत होत्या. म्हटलं, आणखी एकदा टक्कल केलं, तर…”

“मग केलं का नाही?”

“केलं असतं हो. पण काकांचं कुटुंब राहायला आलंय.” त्याने बोट दाखवलं. तुऱ्यांमध्ये मोहरीचे दाणे सांडल्यासारख्या गोगलगायी. “ती कोळंबीही आलीय, पोराबाळांसकट. हात चालेना. म्हटलं, तुम्ही गेलात तरी… यांनी तरी राहावं.”

ती ओल्या खडकावर धपकन बसली.

“तोंड दिलंय ना तुम्हाला? ‘जाऊ नका’ एवढं म्हणता येत नाही? त्यासाठी माझी पीएचडी खरवडायची?”

“जाऊ नका,” तो म्हणाला.

“आत्ता सुचलं.”

“उशीर झाला?”

“पुढचं काम मी इथेच मागून घेतलंय. कधीचंच. तेव्हापासून तुमच्या तोंडाकडे बघतेय, काही फुटतंय का म्हणून. आणि तुम्ही तासन्‌तास गोगलगायींशी बोलत बसता.”

“त्यांची भीती वाटत नाही,” तो म्हणाला.

पाणी घोट्याशी आलं होतं. उठण्यासाठी तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, तिला उभं केलं… आणि सोडायचं विसरला.

तिने आठवण करून दिली नाही.