बोर्डाला केबल जोडली तेव्हा

यात पदरचं काही नाही. माझा मावसभाऊ पवन खोटं बोलायलाही कंटाळेल, इतका दमलेला माणूस आहे.

गेल्या थंडीतली, उर्से गावाखालची, पवना नदीच्या काठची ही गोष्ट. रविवार होता. सांज होत आली होती.

आम्हा दोघांची चिमामावशी तिथं राहते. तिचा नवरा भिकाजीआबा. रोज तिन्हीसांजेला पाण्याची मोटार चालू करायला नदीवर उतरायचा. पावसाळ्यात तिथंच पाय घसरून पडला आणि गेला. मग मावशी उतरू लागली. गुडघे गेलेले, वाट शेवाळलेली. एक दिवस हीपण जाईल, अशी पवनला धास्ती.

म्हणून त्यानं मोटार घरूनच चालू करता येईल असा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवला. वायफाय नदीपर्यंत पोचेना. शेवटी बोर्डाला इथरनेटचं मॉड्यूल जोडलं आणि घरापासून मोटारघरापर्यंत केबल ओढली. आठवडाभर फॅक्टरीत रात्रपाळी, आणि सुट्टीला ही हमाली.

मोटारघराला कुलूप लावून तो वर आला. ओट्यावर लॅपटॉप उघडून बटण दाबलं.

उत्तर नाही.

पुन्हा दाबलं.

उत्तर नाही...

आणि खाली मोटार सुरू झाली.

पवन वैतागत उतरला. कुलूप तसंच होतं. किल्ली त्याच्याच खिशात.

आत केबलचं टोक लोंबत होतं... दमलेला गडी ते बोर्डात खोचायलाच विसरला होता.

मोटारीच्या स्टार्टरला, हिरव्या बटणावर, एक वाळकी काठी टेकवलेली होती.

आबा शॉकला भ्यायचा. ते बटण कायम काठीनंच दाबायचा.

पवन धावत सुटला. वर येऊन त्यानं मावशीला सांगितलं. ती घाबरली नाही, रडली.

"रोज मी खाली पोचायच्या आधीच मोटार चालू असती. मेल्यावर बी सुटका न्हाई त्यांना. तेवढी वायर लाव बाबा. इसावा मिळू दे."

पवननं जीव मुठीत धरून केबल खोचली. बोर्डावरचे दिवे लागले. मावशी ओट्यावरूनच मोबाइलवर मोटार चालवू लागली.

काही दिवसांनी तिचा फोन आला.

"मोटार झ्याक चालतीया. पन ह्यांना आता काम ऱ्हाईलं न्हाई... सांज झाली की वर येत्यात. परवा बांधावर हुते. काल अंगणात."

पवन म्हणाला, केबल काढून टाकतो.



"नगं. आज मी दार उघडं ठेवलंय."

पवन अजून तिच्याकडे जातो, पण दुपारी. अंधारायच्या आत घोरावाडीला आपल्या घरी परततो. मावशी छान आहे म्हणतो. हसते, गुणगुणतेसुद्धा.

मला तेच बरं वाटत नाही.